जुनी इंग्रजी शिकायचीय? मग घरात शिरा

फ्लॅटच्या जाहिरातीत 'वन बीएचके' छापलेलं असतं. त्यातले बेड, हॉल आणि किचन हे तिन्ही शब्द हजार वर्षांहून जुने आहेत, हे ना बिल्डरच्या डोक्यात येतं ना गिऱ्हाइकाच्या. अँग्लो-सॅक्सन काळातल्या इंग्लंडात हे शब्द 'बेड', 'हॅआल' आणि 'क्युचेने' असे होते. पहिले दोन अँग्लो-सॅक्सन लोकांनी जर्मनी-डेन्मार्ककडून उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडात येताना बरोबर आणले. तिसरा लॅटिनकडून उसना घेतलेला. आणि 'हॅआल' म्हणजे सोफा-टीव्हीची खोली नव्हे. गावच्या धन्याची, मधोमध आग पेटलेली, लांबच लांब लाकडी इमारत म्हणजे हॅआल.

आधी एक गैरसमज दूर करू. शेक्सपियरची इंग्रजी ही 'जुनी इंग्रजी' नव्हे. अभ्यासक जिला जुनी इंग्रजी म्हणतात ती साधारण पाचव्या शतकापासून इ.स. ११०० च्या आसपासपर्यंत बोलली जात होती. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि भाषेचं रूप पालटलं. त्याआधीची भाषा आजच्या इंग्रज माणसालाही शिकल्याशिवाय कळत नाही.

नवशिके बहुधा बेवुल्फ हे महाकाव्य उघडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच अडकतात. नाहीतर विभक्तीचे तक्ते पाठ करायला घेतात आणि आठवड्यात कंटाळतात. माझ्या मते सुरुवात घरातल्या शब्दांनी करावी. शब्द मोजके असतात, वस्तू डोळ्यांसमोर आणता येते आणि यातले कितीतरी शब्द आजही जिवंत आहेत. शिवाय देशी (म्हणजे अँग्लो-सॅक्सनांचे स्वतःचे), लॅटिन आणि नॉर्स (व्हायकिंगांची भाषा) असे तीन थर एकाच घरात कसे बसलेत, तेही दिसतं. चला, कुंपणापासून आत जाऊ.

पायरी १: तोंड वळवून घ्या

या भाषेत मुकी अक्षरं नाहीत. लिहिलेलं सगळं उच्चारायचं आणि आघात सहसा शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर द्यायचा.

मराठी माणसाला इथे थोडा फायदा आहे. जुन्या इंग्रजीत 'ह्ल', 'ह्र', 'ह्व' अशी जोडाक्षरं शब्दाच्या सुरुवातीलाच येतात. पावाला 'ह्लाफ', छपराला 'ह्रोफ'. आह्लाद, ह्रास, विह्वल असे शब्द लिहिणाऱ्याला ती परकी वाटू नयेत. (आपण लिहितो आह्लाद आणि म्हणतो आल्हाद. इथे मात्र 'ह' आधीच काढायचा.)

'सी' हे अक्षर कधी 'क', कधी 'च'. इ, ए यांसारख्या स्वरांच्या शेजारी बहुधा 'च', आणि तो चिमणीतला, चमच्यातला नव्हे. 'एस-सी' जोडून आले की 'श', म्हणून ताटलीचा शब्द तेव्हाही 'डिश'च. 'जी' अशाच स्वरांपुढे 'य' होतो. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'एफ' हा 'व' होतो. 'वाय' हा स्वर आहे: ई म्हणा आणि म्हणताना ओठांचा चंबू करा.

'थ'साठी थॉर्न आणि एथ अशी दोन खास अक्षरं आहेत. लिहिणारा त्यातलं कुठलंही वापरायचा, त्यामुळे एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसला तर गोंधळू नका. हा 'थ' थाळीतला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची.

लिंगं तीन आहेत. हिंदी किंवा आजची इंग्रजी बोलणाऱ्याला याचा त्रास होतो, आपल्याला होऊ नये. घर म्हणजे 'हूस', नपुंसकलिंगी. छप्पर पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी. 'वीफ' म्हणजे बाई, आणि हा शब्द मात्र नपुंसकलिंगी! त्यावर फार डोकं लढवू नका. आपल्याकडेही 'मूल' नपुंसकलिंगी असतंच.

पायरी २: कुंपणापाशी थांबा

लगेच आत जाऊ नका, कारण बाहेरचेच शब्द आज नकाशावर सर्वांत जास्त आहेत.

'टून' म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद शब्द आजही कुंपणासाठीच वापरतात. इंग्लंडात कुंपणाचा अर्थ कुंपणातल्या घराकडे, तिथून वस्तीकडे, मग गावाकडे सरकला आणि शेवटी 'टाउन' झालं. गावांच्या नावातलं शेपटीचं 'टन' ते हेच. 'हाम' म्हणजे राहतं घर आणि वस्ती दोन्ही. आजचं 'होम' यातूनच आलं. 'कॉट' म्हणजे खोपटं, लँकशरच्या बाजूच्या प्रेस्कॉटचा अर्थ धर्मगुरूंचं खोपटं. 'वोर्थ' म्हणजेही कुंपणातली वस्ती. लंडनचं वाँड्सवर्थ ही वेंडेल नावाच्या कुणाची तरी.

'वीच' हा लॅटिन 'वीकुस'वरून आलेला. त्याला मराठीत वाडी म्हणायला हरकत नाही, पण बहुधा काही खास काम चालणारी वाडी. लंडनमधलं चिझिक म्हणजे 'चेसे-वीच', चीज करणाऱ्यांची वाडी. उत्तरेला कंब्रियात केझिक आहे, त्याचाही अर्थ नेमका तोच. दक्षिणेत 'च' राहिला आणि उत्तरेत नॉर्स बोलणाऱ्यांच्या शेजारामुळे 'क'. एकाच नावाची ही दोन गावं शेजारी मांडली की उच्चाराचा सबंध धडा पाठ होतो.

इथे एक सापळा आहे. 'हाम' दीर्घ, म्हणजे घर. त्याच्याच जवळचा 'हम्म' ऱ्हस्व, म्हणजे नदीच्या वळणात किंवा पाण्याने वेढलेली जमीन. आज दोघांचं स्पेलिंग सारखंच झालंय. नॉटिंगम, बर्मिंगम यांतलं घर खरं. ट्विकनममध्ये घर नाही, थेम्सचं वळण आहे. म्हणून नावाच्या आजच्या रूपावरून निकाल द्यायचा नाही, सर्वांत जुनी नोंद बघायची. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा अभ्यास ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावरही करता येईल. हॅरोत राहणाऱ्यांसाठी जाता जाता: हॅरो म्हणजे 'हेआर्ग', ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या धर्माचं देवस्थान.

'येआर्ड' म्हणजे आवार, आजचं 'यार्ड'. हा शब्द आणि संस्कृतातला 'गृह' एकाच इंडो-युरोपीय मुळातले आहेत. आणखी एक शब्द लक्षात ठेवा, 'हीड'. एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. म्हणजे जमीन मोजायची ती घरावरून. १०८६ सालच्या डोम्सडे बुक या जमीन-पाहणीत कितीतरी गावांची आकारणी याच एककात दिसते.

पायरी ३: भिंतीला हात लावून बघा

बांधणे या क्रियापदाला जुन्या इंग्रजीत 'टिंब्रियन' म्हणतात. म्हणजे लाकूड घालणे. घर लाकडाचंच असायचं, त्यामुळे दगडाचं चर्च उभारलं तरी क्रियापद हेच. या 'टिंबर'चं मूळ आणि वैदिक 'दम' म्हणजे घर, याचं मूळ एकच. आपल्या 'दंपती'मध्ये तो 'दम' अजून आहे. दाराला 'डुरु' म्हणत. द्वार आणि दार यांच्याशी त्याचं नातं सांगायची गरज नाही, ऐकूच येतं.

पण अशी नाती सापडू लागली की नवशिक्याला चटक लागते आणि तो प्रत्येक शब्दाला संस्कृत बाप शोधतो. तसं करू नका. इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही. दोघींची पूर्वज भाषा एक, एवढंच. आणि नुसतं कानाला सारखं वाटणं हा पुरावा नव्हे.

भिंतीला जुना देशी शब्द 'वाग' होता. तो मेला. आज जो 'वॉल' आहे तो लॅटिन 'वाल्लुम'पासून, म्हणजे रोमन छावणीभोवतीच्या तटापासून. साध्या घराची भिंत म्हणजे खांबांमध्ये फोकाट्या विणायच्या आणि वर माती लिंपायची. कोकणात कुडाची भिंत पाहिलेल्या माणसाला याचं चित्र लगेच दिसेल. 'बेआम' म्हणजे झाड, मग झाडाचा सोट, मग तुळई. 'थॅच' म्हणजे छप्पर. ते गवताचं, पेंढ्याचं असायचं म्हणून आज त्या शब्दाला शाकारणीचाच अर्थ उरला.

आता वहीत एक रकाना आखा आणि त्यात हे लिहा: कौल 'टिगेल', रस्ता 'स्ट्रॅट', स्वयंपाकघर 'क्युचेने', मेणबत्ती 'कांडेल', पेटी 'चेस्ट', उशी 'प्यूले', चीज 'चेसे', लोणी 'बुटेरे'. हे सगळे लॅटिनमधून आलेले. दुसऱ्या रकान्यात: घर, दार, छप्पर, चूल, पलंग, बाक, पाव. हे सगळे देशी. दोन रकाने शेजारी ठेवले की कळतं, निवारा आणि आग या लोकांची स्वतःची होती. पक्कं बांधकाम आणि स्वयंपाकघरातला थाट रोमन जगाकडून आला. यातले काही शब्द तर त्यांनी ब्रिटनला येण्याआधीच, रोमन सरहद्दीवर व्यापार करताना उचलले होते.

'अर्न' हा एक विसरलेला शब्दही टिपून ठेवा. त्याचा अर्थ जागा किंवा घर. 'बेरे' म्हणजे सातू, 'बेरे-अर्न' म्हणजे सातूचं कोठार. त्याचंच आजचं 'बार्न'. 'स्लॅप-अर्न' म्हणजे झोपायची जागा, 'होर्ड-अर्न' म्हणजे ठेवणीची खोली.

पायरी ४: आगीजवळ बसा, आणि वर बघा

वर बघितलंत तर धुराडं दिसणार नाही. धुराड्याचा 'चिमनी' हा इंग्रजी शब्द फ्रेंचमधून पुढे आला. घराच्या मध्यावर 'हेओर्थ', म्हणजे आगीची जागा, आणि धूर छपरातून वाट काढायचा. हेओर्थ म्हणजे घरच. पोपला दर घरटी एक पेनी पाठवत, तिचं एक नाव 'हेओर्थ-पेनिंग', चूलपट्टीच म्हणा ना.

हॅआल कशी होती हे इ.स. ७३१ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या एका इतिहासात दिसतं. लिहिणारा बीड नावाचा मठवासी. (आपल्या बीडशी संबंध नाही.) नॉर्थंब्रिया या उत्तरेकडच्या राज्याचा राजा एडविन नवा ख्रिस्ती धर्म घ्यावा की नाही यावर सल्ला घेतो, तेव्हा एक सरदार म्हणतो: हिवाळ्यात आपण आत जेवायला बसलोय, मधोमध आग आहे, बाहेर वादळ. एक चिमणी एका दारातून आत येते आणि दुसऱ्या दारातून निघून जाते. माणसाचं आयुष्य तेवढंच. धर्मचर्चा बाजूला ठेवा. आपल्या कामाचा तपशील म्हणजे मध्यावर आग आणि दोन दारं. नॉर्थंबरलंडमध्ये येव्हरिंग इथे १९५० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा त्याच राजघराण्याच्या मोठमोठ्या लाकडी इमारतींचे खांबखड्डे सापडले. समोरासमोर दारं असलेल्या इमारतीही त्यात आहेत. १९३९ मध्ये सफकमधल्या सटन हू इथल्या जहाज-दफनात हंडा टांगायची लोखंडी साखळी मिळाली, जवळजवळ साडेतीन मीटर लांब. तुळई किती उंच असेल याचा अंदाज बांधा.

सगळे अर्थात असे राहत नव्हते. सफकमध्येच वेस्ट स्टो इथे उत्खननाच्या आधारे उभारलेली साधी घरं आहेत, काही जमिनीत खड्डा खणून त्यावर बांधलेली. इंग्लंडात असाल तर शब्दकोशाआधी तिथे जाऊन या.

आता खिडकी. आजचा 'विंडो' जुन्या इंग्रजीतला नाहीच. तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला: 'विंड-आउगा', वाऱ्याचा डोळा. जुन्या इंग्रजीतला शब्द 'एआग-थ्युरेल', म्हणजे डोळ्याचं भोक. हेच 'थ्युरेल' नाकाला जोडलं की आजचं 'नॉस्ट्रिल'. आणि आपल्याकडे गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. तीन भाषांनी भिंतीत डोळाच पाहिला. काच मात्र शोधू नका. ती चर्च-मठांत होती, शेतकऱ्याच्या घरात नाही.

पायरी ५: पाव कोण राखतं, कोण मळतं, कोण खातं

सबंध अभ्यासात एकच जागा नीट पाठ करायची असेल तर ही करा.

'लॉर्ड' हा शब्द 'ह्लावोर्ड'पासून आला, आणि तो त्याहून जुन्या 'ह्लाफ-वेआर्ड'चा आकसलेला. अर्थ, पावाचा राखणदार. 'लेडी' म्हणजे 'ह्लॅव्दिये', पाव मळणारी. मळण्याच्या याच मुळातून 'डो' म्हणजे कणीक आली, आणि 'डॅये' म्हणजे घरकाम करणारी, दूधदुभतं बघणारी बाई आली. तिला फ्रेंच शेपूट लागून 'डेअरी' झाली. गल्लीतल्या डेअरीत दही आणायला जाता तेव्हा हीच बाई काउंटरवर असते म्हणायची!

तिसरा माणूस कमी प्रसिद्ध. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे इ.स. ६०० च्या सुमाराचे, इंग्रजीतले सर्वांत जुने म्हणून ओळखले जातात. त्यात 'ह्लाफ-एटा' येतो, पाव खाणारा. म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या पावावर जगणारा आश्रित. सामान्य शेतकऱ्याच्या अशा आश्रिताला कुणी ठार मारलं तर सहा शिलिंग भरपाई. राखणारा, मळणारी, खाणारा: घरातली सत्ता पावाभोवती अशी मांडलेली. आपण 'अन्नदाता' आणि 'आश्रित' म्हणतो, तेव्हा फार वेगळं काही म्हणत नाही.

दोन फसवे शब्द इथेच सांगतो. 'ब्रेड' त्या काळी पावाचं नेहमीचं नाव नव्हतं, ते काम 'ह्लाफ' करत होता. आज 'ह्लाफ' नुसता 'लोफ' होऊन बसलाय. आणि 'मेटे' म्हणजे कुठलंही अन्न. आज त्याचं फक्त 'मीट' उरलं. तेव्हा जुन्या मजकुरात 'मेटे' दिसलं की मटण शिजवू नका.

नवऱ्याचं नाव परक्याचं आहे. 'हझबंड' नॉर्समधून आला: 'हूस' अधिक 'बोंडा', घर असलेला, घरमालक. लग्नाशी त्याचा मुळात संबंध नाही. शेजारी मात्र देशी: 'नेआह-येबूर', जवळ राहणारा.

पायरी ६: किल्ल्या आणि चात्या

नॉर्मनांच्या आधी, १०१६ ते १०३५ या काळात राज्य करून गेलेल्या कनूट राजाच्या कायद्यात एक कलम आहे. नवऱ्याने चोरीचा माल घरात आणला, तर बायको दोषी कधी? तो माल तिच्या कुलपाखाली सापडला तर. कोणती कुलपं, तेही सांगितलंय: ठेवणीची खोली, पेटी आणि लहान पेटारी. या तिन्हींच्या किल्ल्या तिच्या ताब्यात हेच कायद्याने गृहीत धरलंय. या कलमातून तीन शब्दही शिकता येतात: 'होर्ड-अर्न', 'चेस्ट', 'टेये'. त्यातले पहिले दोन तुमच्या वहीत आधीच आहेत. अँग्लो-सॅक्सन बायकांच्या थडग्यांत कमरेच्या किल्ल्याही सापडतात.

सूतकताईचे शब्द थोडक्यात. चातीला 'स्पिनेल'. राजा आल्फ्रेडच्या मृत्युपत्रात पुरुषांकडची बाजू म्हणजे 'भाल्याची बाजू' आणि बायकांकडची 'चातीची बाजू'. काम करणाऱ्या बाईसाठी 'एस्ट्रे' हा प्रत्यय: विणणारी 'वेब्बेस्ट्रे', भाजणारी 'बॅचेस्ट्रे'. वेबस्टर आणि बॅक्स्टर ही आडनावं त्यांचीच.

पायरी ७: शब्दकोश उघडा

इथपर्यंत आलात की बॉसवर्थ आणि टोलर यांचा कोश पुरे. मुख्य ग्रंथ १८९८ चा, पुरवणी १९२१ ची, आणि तो इंटरनेटवर फुकट आहे. टोरंटो विद्यापीठाचा नवा कोश अधिक काटेकोर, पण अजून पूर्ण झालेला नाही. विषयवार शब्द हवेत तर १९९५ मध्ये प्रथम निघालेला जुन्या इंग्रजीचा थिसॉरस बघा, त्यात घराचे शब्द एकत्र मिळतात. गावांच्या नावांसाठी नॉटिंगम विद्यापीठाचं काम विश्वासाचं. आणि विषयवार शब्दयादी ही कल्पना नवी नाही: इ.स. १००० च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या मठवासी शिक्षकाने मुलांसाठी लॅटिन-इंग्रजी शब्दयादी केली, त्यात घरांचाही विभाग आहे.

शब्द शोधताना स्पेलिंग एकच असेल अशी अपेक्षा ठेवू नका. 'टिगेल' 'टिगोल' म्हणूनही सापडेल. दक्षिणेतल्या वेसेक्स राज्याची बोली वेगळी, नॉर्थंब्रियाची वेगळी. प्रत्येक शब्दापुढे वहीत तीनच गोष्टी लिहा: कुठून आला, तेव्हा काय अर्थ होता, आज कुठे गेला. व्याकरणाची वही नंतर करा.

पहिला सराव म्हणून 'येरेवा' हा अकराव्या शतकातला छोटा मजकूर घ्या. येरेवा म्हणजे मालकाच्या जमिनीवरचा कारभारी. 'शायर' म्हणजे इंग्लंडातला जिल्हा, त्याचा येरेवा तो 'शेरीफ', आणि मुंबईला शेरीफ नेमायची जी प्रथा होती तिच्यातलं पद तेच. या मजकुरात कारभाऱ्याने घरात काय काय हजर ठेवायचं याची लांबलचक यादी आहे. किटली, पळी, तवा, चाळण्या, घुसळणीचं भांडं, मधमाश्यांची पोळी, मेणबत्तीचे खांब, मिठाचं भांडं, साबणाची पेटी, कंगवा. मिऱ्यांसाठी शिंगाची डबी, 'पिपर-होर्न'. मिरी अर्थातच आपल्याकडच्या किनाऱ्यावरून गेलेली आणि तिचं नावही मुळात 'पिप्पली'चं. शेवटाकडे लेखक बजावतो की उंदराचा सापळासुद्धा विसरू नये, आणि त्याहून क्षुल्लक म्हणजे कडीची खुंटीसुद्धा.

यादी मोठ्याने वाचा. जे शब्द कोश न बघता ओळखू आले त्यांच्याखाली रेघ मारा. 'पान्ने', 'कुप्पे', 'स्टोल' इथे कुणी अडत नाही. पण 'स्टोल' म्हणजे तेव्हा कुठलंही आसन, अगदी सिंहासनसुद्धा, हे तपासल्याशिवाय पुढच्या शब्दाकडे जाऊ नका.